सौम्य विद्युत्प्रवाह : वेदनाशमन आणि व्रणरोपण

औषधी भांडारातील फळीवर तैले, गुग्गुळाच्या वट्या आणि आसवांच्या बाटल्या यांच्या जोडीला हल्ली आणखी एक वस्तू येऊन बसली आहे. तळहातावर मावेल एवढी पेटी, तिच्यातून निघणाऱ्या दोन किंवा चार तारा आणि तारांच्या टोकांस चिकट पट्ट्या, असे तिचे रूप. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानदुखी यांवर ती लावावयाची असते. रुग्ण घरी आणलेली पेटी पिशवीतून काढून समोर ठेवतो आणि ‘वैद्यराज, तुमच्या औषधाबरोबर हे चालेल ना?’ असे विचारतो. दुकानदार बंधू विचारतात, ‘गिऱ्हाईक मागते, ठेवावी का?’ या दोन्ही प्रश्नांना ‘चालेल’ किंवा ‘नको’ असे एका शब्दाचे उत्तर देणे आम्हांस आता योग्य वाटत नाही. एकदा आम्ही तसे उत्तर दिले होते आणि त्याची किंमत एका रुग्णाने मोजली. तो प्रसंग पुढे सांगितला आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘सौम्य विद्युत्’ या एकाच नावाखाली दोन भिन्न उपचार विकले जातात. पहिल्यात प्रवाह मिलिअँपिअरच्या मापात असतो, रुग्णास मुंग्या आल्याप्रमाणे तो स्पष्ट जाणवतो, आणि त्याचे लक्ष्य त्वचेखालील मज्जातंतू हे असते. यास ‘टेन्स’ म्हणतात. दुसऱ्यात प्रवाह एका मिलिअँपिअरहून कमी, म्हणजे मायक्रोअँपिअरच्या मापात असतो. एक मिलिअँपिअर म्हणजे हजार मायक्रोअँपिअर. हा प्रवाह बहुधा जाणवतच नाही, आणि त्याचे लक्ष्य मज्जातंतू नसून पेशी हे आहे. पहिला वेदना दडपतो, झीज भरून काढीत नाही. दुसऱ्याविषयी भरून काढण्याचा दावा केला जातो. त्यात तथ्य किती याचा विचार पुढे केला आहे. पेटीवरील जाहिरातीत मात्र दोहोंचे गुण एकत्र करून छापलेले असतात, आणि वैद्यांचीही फसगत तेथेच होते.

माशापासून पेटीपर्यंत

वेदनेवर विजेचा उपयोग नवा नाही. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या योगसंग्रहात टॉर्पेडो या विद्युत्‌धारी समुद्री माशाचा प्रयोग नोंदविला आहे. जुनाट शिरःशूलात जिवंत काळा मासा दुखऱ्या जागी ठेवावा. पायाच्या वातरक्तसदृश विकारात रुग्णाने समुद्रकिनारी ओल्या वाळूत उभे राहून पायाखाली मासा घ्यावा, आणि गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो थांबावे, असे त्याचे विधान आहे. वीज म्हणजे काय हे त्यास ठाऊक नव्हते. परंतु बधिरता येईपर्यंत, हे मात्रेचे लक्षण त्याने अचूक हेरले होते.

पुढे १७९१ साली गॅल्व्हानीचे बेडकावरील प्रयोग प्रसिद्ध झाले, १८०० साली व्होल्टाने विद्युत्घट सिद्ध केला, आणि एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे, विजेच्या कंगव्या, विजेची स्नाने यांचा सुळसुळाट झाला. त्या बाजारातील एक वस्तू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘इलेक्ट्रीट’ नावाचे, घटावर चालणारे, हातात धरावयाचे यंत्र अमेरिकेत १९१९ साली पेटंट झाले. रचनेने ते आजच्या टेन्सचे आजोबाच होते आणि वेदना खरोखर शमवीत असे. परंतु निर्मात्याने त्यावर नाना व्याधी बरे होण्याचे दावे छापले, १९३८ च्या कायद्यानुसार तेथील अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली, आणि पुढे ते केवळ वेदनाशमनासाठी विकावे लागले. चांगल्या वस्तूची पत अवास्तव दाव्यांनी कशी जाते याचा हा जुना दाखला आहे. आपल्या व्यवसायातही असे दाखले कमी नाहीत.

यास शास्त्रीय पाया मिळाला तो १९६५ साली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेविषयीचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धान्त मांडला. कोपर आपटले की आपण नकळत ती जागा चोळतो आणि बरे वाटते. असे का व्हावे? स्पर्श वाहून नेणारे तंतू जाड व वेगवान असतात. वेदना वाहून नेणारे बारीक व मंद. दोन्ही पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागील शृंगात येऊन मिळतात. तेथे जणू एक द्वार आहे. जाड तंतूंकडून संदेशांची गर्दी झाली की बारीक तंतूंच्या संदेशांना ते अंशतः बंद होते. दोन वर्षांनी, १९६७ साली, वॉल यांनी विल्यम स्वीट यांच्यासह हा विचार पडताळून पाहिला. आधी स्वतःच्या चेहऱ्यावरील मज्जातंतूवर आणि मग तीव्र, जुनाट वेदनेच्या आठ रुग्णांवर त्यांनी विद्युत्स्पंद दिले. त्यांपैकी ज्या चौघांस परिघीय मज्जातंतूंचा विकार होता त्यांची वेदना दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबली. त्याच सुमारास नॉर्मन शीली हे अमेरिकन शल्यवैद्य मज्जारज्जूवर उद्दीपक बसवू लागले होते. शस्त्रक्रियेस योग्य रुग्ण निवडण्यासाठी त्वचेवरून उद्दीपन करून पाहिले जाई, तेव्हा काहींना तेवढ्यानेच आराम पडत असल्याचे दिसून आले. आजची पेटी या निरीक्षणातून जन्मली.

मात्रा आणि विधी

टेन्समध्ये मात्रेचे तीन घटक आहेत : दर सेकंदाला स्पंद किती, प्रत्येक स्पंद किती काळाचा, आणि प्रवाहाचा जोर किती. सर्वसाधारण प्रकारात दर सेकंदाला ५० ते १०० स्पंद देतात, आणि प्रत्येक स्पंद ५० ते २५० मायक्रोसेकंदांचा असतो. दुसऱ्या प्रकारात २ ते १० एवढेच स्पंद, पण जोर अधिक, इतका की स्नायू हलकेच फडफडतात. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की हे दोन्ही प्रकार शरीरातील स्वाभाविक अफूसदृश द्रव्यांच्या मार्गाने कार्य करतात, मात्र भिन्न ग्राहकांवर. यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. जे रुग्ण दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामके घेत आहेत त्यांच्यात मंद स्पंदांचा प्रकार फिका पडतो. त्यांना जलद स्पंद द्यावेत.

जोर किती ठेवावा याविषयी आमच्याकडे सर्वाधिक चुका होतात. ‘सौम्य’ या शब्दाने फसून रुग्ण जेमतेम जाणवेल एवढ्यावर काटा ठेवतो आणि गुण आला नाही म्हणून पेटी अडगळीत टाकतो. जोर ‘तीव्र पण सुखकर’ हवा : मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, टोचू नयेत, चटका बसू नये. पाच-दहा मिनिटांत जाणीव सौम्य होते, तेव्हा काटा थोडा पुढे सरकवावा. एका वेळी अर्धा ते एक तास पुरे. पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंस, एकमेकींस न चिकटतील अशा, निदान बोटभर अंतराने लावाव्यात. कंबरेत लावताना मणक्यांच्या उंचवट्यावर न लावता दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर.

रोज त्याच स्पंदसंख्येने, त्याच जोराने दिलेल्या टेन्सची सवय होते. निरोगी व्यक्तींवरील एका अभ्यासात (२०११) पाचव्या दिवसापर्यंतच परिणाम ओसरलेला आढळला. म्हणून स्पंदसंख्या आलटून-पालटून ठेवावी, आणि चार-पाच दिवसांनी जोर किंचित वाढवावा.

आणखी एक बाब आपल्या चहाप्रेमी प्रांतास विशेष लागू आहे. १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात टेन्सपूर्वी २०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्या स्वयंसेवकांमध्ये वेदनाशमनाचा परिणाम दिसेनासा झाला. दोन पेले कॉफीत साधारण एवढे कॅफीन असते. ‘यंत्राने काहीच होत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास आम्ही आता आधी विचारतो की, यंत्र लावण्यापूर्वी किती चहा झाला.

स्नेहन-स्वेदनाशी याचा मेळ कसा घालावा, हा आपल्या व्यवसायाचा खास प्रश्न. तेल विजेचे वाहक नव्हे. अभ्यंगानंतर त्वचा नुसती पुसून पट्टी लावली तर ती नीट चिकटत नाही, प्रवाह एखाद्या कोपऱ्यातूनच शिरतो आणि तेथे चटका बसतो. यासाठी आधी टेन्स आणि मागाहून अभ्यंग हा क्रम आम्हांस सोयीचा वाटला. आधीच तेल लावले असेल तर कोमट पाण्याने व साबणाने जागा धुऊन पूर्ण कोरडी करावी. लेप लावला असेल तर तो काढावा. पेटीस्वेदनानंतर घामाने त्वचेचा रोध घटलेला असतो, म्हणून कालच्याच अंकावर काटा न ठेवता शून्यापासून आरंभ करावा. काही विक्रेते सांगतात की पट्टीखाली महानारायण तैल लावल्यास वीज ते ‘आत ढकलते’. त्यावर विश्वास ठेवू नये. विजेने त्वचेतून औषध नेण्याचे एक तंत्र आहे खरे, परंतु त्यास विद्युत्भारित, पाण्यात विरघळणारे द्रव्य आणि एकाच दिशेचा प्रवाह लागतो. टेन्सचा प्रवाह आळीपाळीने दोन्ही दिशांनी वाहतो, आणि तेल तर भारितही नाही व जलविद्राव्यही नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

साधारण पासष्टीचे एक निवृत्त गृहस्थ, पंधरा वर्षांचा मधुमेह. तळपायांची आग आणि बधिरता यांसाठी ते आमच्याकडे औषध घेत होते. एके दिवशी त्यांनी दूरध्वनीवरून विचारले की, मुलाने वेदनेचे यंत्र आणून दिले आहे, लावू का? आम्ही चिकित्सालयाच्या गर्दीत होतो. ‘लावून पाहा,’ असे म्हणालो आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी ते लंगडत आले. पायाच्या कमानीशी रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि खाली पांढुरका तळ दिसत होता. चौकशी करता कळले की, यंत्र लावले तेव्हा त्यांना काहीच जाणवेना, म्हणून त्यांनी काटा पुढे सरकवला. तरीही जाणवेना, म्हणून शेवटपर्यंत नेला. पट्टी जुनी झालेली, तिची एक कड उचललेली, आणि दूरदर्शनसमोर बसून रोज दोन-दोन तास प्रयोग. सगळा प्रवाह पट्टीच्या चिकटलेल्या अर्ध्या भागातून जात राहिला. ज्या मनुष्यास चटका कळतो तो तात्काळ पट्टी उपटून काढतो. यांना कळण्याची सोयच राहिली नव्हती.

टेन्सची मात्रा ठरविणारा खरा मापक पेटीवरील काटा नसून रुग्णाची जाणीव आहे. ती जाणीवच मंद असलेल्या रुग्णाच्या हाती आम्ही न विचारता यंत्र दिले होते. तो व्रण भरून येण्यास अकरा आठवडे लागले. त्या काळात शल्यवैद्यांची मदत घेतली, मधुमेहाची औषधे त्यांच्या तज्ज्ञाने बदलली, आणि पाय वाचला. गृहस्थ सज्जन. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्यामुळेच तो प्रसंग आमच्या मनातून जात नाही.

तेव्हापासून पट्टी लावण्यापूर्वी त्या जागी कापसाचा स्पर्श आणि टाचणीचे टोक व डोके यांचा भेद रुग्णास, डोळे मिटून, ओळखता येतो की नाही हे पाहिल्याखेरीज आम्ही पुढे जात नाही. मधुमेही पायांसाठी १० ग्रॅमचा नायलॉन तंतू मिळतो, तो प्रत्येक चिकित्सालयात असावा. भेद न कळणाऱ्या जागी टेन्स लावू नये.

अन्य निषेध थोडक्यात सांगतो. हृदयाची गती राखणारे किंवा झटका देणारे यंत्र शरीरात बसविलेले असल्यास हृदयरोगतज्ज्ञाच्या अनुमतीवाचून टेन्स वर्ज्य. मानेच्या पुढील भागावर, डोळ्यांवर, छातीच्या आरपार, गर्भिणीच्या उदर-कटीवर लावू नये. अपस्माराच्या रुग्णास मस्तक व मान यांवर लावू नये. अर्बुद, पायातील शिरेत रक्ताची गुठळी, पूय किंवा फाटलेली त्वचा असलेल्या जागा टाळाव्यात. यांहूनही महत्त्वाचा निषेध मात्र निदानाचा आहे. रात्री वाढणारी, विश्रांतीनेही न थांबणारी कंबरदुखी, सोबत ज्वर किंवा वजनात घट. पायातील बळ जाणे. मलमूत्रावरील ताबा सुटणे. अशा वेळी वेदना हीच एकमेव साक्षीदार असते. मणक्याचा क्षय किंवा अर्बुद शोधण्याआधी तिचे तोंड बंद करणे हा अपराध होय.

वेदनेत टेन्सचे स्थान

पुराव्यांची स्थिती सरळ नाही, आणि ती सरळ असल्याचे कोणी सांगू लागला तर सावध राहावे. जुनाट कंबरदुखीसाठी टेन्सचा खर्च देणे अमेरिकेच्या शासकीय आरोग्यविमा योजनेने २०१२ साली, संशोधनाचा अपवाद ठेवून, बंद केले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीत (२०१६), मूळ कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेत (२०२१) आणि अस्थिसंधींच्या झिजेत (२०२२) टेन्स देऊ नये असे सांगितले. उलट, त्याच २०२२ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये ३८१ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष असा की, नकली यंत्राच्या तुलनेत टेन्स चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच वेदना कमी असते, आणि गंभीर अपाय आढळले नाहीत.

आम्हांस यात विरोध दिसत नाही. टेन्स चालू असेतो वेदना उतरते. बंद केल्यावर बहुधा थोड्याच वेळात परत येते. ‘सहा महिन्यांनी गुडघा बरा झाला का?’ असे विचारले तर उत्तर नकारार्थी येणार. ‘तास-दीड तास ही बाई जिना उतरून बाजारात जाऊ शकेल का?’ असे विचारले तर अनेकदा होकारार्थी येते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने फायब्रोमायॅल्जियाच्या स्त्रियांवर केलेल्या चाचणीतही (२०२०) चार आठवड्यांच्या वापराने विशेषतः हालचाल करतानाची वेदना कमी झाल्याचे दिसले. म्हणून पडून राहून टेन्स घेण्यापेक्षा, टेन्स लावून चालणे किंवा सांगितलेले व्यायाम करणे अधिक फलदायी, असा आमचाही अनुभव आहे. संधिगतवातात किंवा गृध्रसीत निदानपरिवर्जन, स्नेहन, स्वेदन, बस्ती हे जे मूळ उपक्रम, त्यांची जागा ही पेटी घेत नाही. ते फळास येईतो रुग्णास हालते ठेवण्याचे काम ती करते.

विजेचे उल्लेख संहितांमध्ये हुडकण्याचा अट्टाहास काही उत्साही मंडळी करतात. आमच्या मते त्याची आवश्यकता नाही. सुश्रुताचार्यांनी स्नायु-संधि-अस्थिगत उग्र वेदनेत अग्निकर्म सांगितले. विद्धकर्माचा प्रयोग आजही महाराष्ट्रातील अनेक चिकित्सालयांत होतो. स्थानिक क्रियेने वेदना शमविण्याचा विचार आपल्यास परका नाही एवढे म्हणणे पुरे आहे. टेन्सचा जन्म मात्र विसाव्या शतकातील प्रयोगशाळेत झाला, आणि तसे प्रांजळपणे सांगण्यात आपल्या शास्त्राचा उणेपणा नाही.

व्रणाचा स्वतःचा प्रवाह

आता दुसऱ्या, न जाणवणाऱ्या विजेकडे वळू. हा विषय आम्हांस अधिक मोहक वाटतो, कारण येथे वीज बाहेरून आणण्यापूर्वीच शरीरात आहे. एमिल द्यु ब्वा-रेमों या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४३ च्या सुमारास स्वतःच्या बोटाला कापून जखमेतून वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजला. त्याचे कारण पुढे उलगडले. त्वचेच्या पेशी सोडियमचे कण सतत आत ओढीत असतात, त्यामुळे त्वचेच्या बाह्य व आभ्यंतर पृष्ठांत काही दशक मिलिव्होल्टचा भेद राहतो. जणू सारी त्वचा हा एक विद्युत्घट आहे. त्वचा भेदली की त्या जागी घटाची दोन्ही टोके जुळतात आणि जखमेच्या कडेने प्रवाह वाहू लागतो. २००६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिन झाओ व सहकाऱ्यांनी दाखविले की व्रण भरून काढणाऱ्या पेशी या विद्युत्क्षेत्राची दिशा ओळखून सरकतात, आणि या कामी लागणारी जनुकेही त्यांनी दाखवून दिली.

हा प्रवाह व्रण ओलसर असेतो टिकतो. खपली धरून पृष्ठ सुकले की मंदावतो. जात्यादि घृत-तैलाने व्रण स्निग्ध, ओलसर ठेवण्याच्या आपल्या परिपाठाचा याच्याशी काही संबंध असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो. तो केवळ तर्क आहे. रुग्णास किंवा ग्राहकास सांगण्याजोगे प्रमाण नव्हे.

सूक्ष्म प्रवाहाच्या यंत्रांच्या पत्रकांत एका प्रयोगाचा उल्लेख हमखास असतो. १९८२ साली उंदरांच्या त्वचेच्या तुकड्यांवर ५० ते १००० मायक्रोअँपिअर प्रवाह दिला असता पेशींतील ऊर्जाद्रव्य, म्हणजे एटीपी, कित्येक पटींनी वाढले, आणि त्यापलीकडे प्रवाह वाढविल्यावर तो लाभ नाहीसा झाला. प्रयोग खरा आहे आणि मात्राविचाराच्या दृष्टीने बोलकाही आहे; मात्रा वाढली म्हणजे गुण वाढतो असे नाही, हे वैद्यास निराळे सांगावयास नको. परंतु तो शरीराबाहेर काढलेल्या उंदराच्या त्वचेवरचा प्रयोग आहे. त्यावरून माणसाचा झिजलेला गुडघा भरून येतो असे अनुमान काढणे म्हणजे कुंडीतील रोप पाहून रानाचा अंदाज बांधणे होय.

माणसांतील प्रमाण सर्वांत बरे आहे ते शय्याव्रणांविषयी. कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या समीक्षेनुसार विद्युत्-उद्दीपनाने भरून येणाऱ्या शय्याव्रणांचे प्रमाण बहुधा वाढते. अमेरिकेची शासकीय विमायोजना २००३ पासून जुनाट व्रणांसाठी हा खर्च देते, पण अटीवर : नेहमीचे उपचार महिनाभर नीट करूनही व्रण हलला नाही तरच, आणि तोही प्रशिक्षित हातांनी केलेला उपचार. या चाचण्यांतील यंत्रे बहुतांशी रुग्णालयातील, अधिक दाबाचे स्पंद देणारी आहेत. दुकानातील खिशातल्या पेट्या नव्हेत. आणि मधुमेही पायाच्या व्रणाविषयी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१९ साली स्पष्ट सांगितले की, उत्तम नेहमीचे उपचार डावलून वीज, चुंबक यांसारख्या भौतिक साधनांची निवड करू नये. भार हलका करणे, मृत मांस काढणे, रक्तपुरवठा तपासणे, साखर आटोक्यात ठेवणे यांना पर्याय नाही. शोधनापूर्वी रोपण नाही, हा क्रम आपल्यास गुरुमुखातून मिळालेलाच आहे.

दुकानदार बंधूंसाठी

केवळ आयुर्वेदीय औषधे विकण्यास आपल्याकडे विक्री-परवाना लागत नाही. त्यामुळे अनेक भांडारचालकांचा असा समज आहे की या पेट्यांनाही लागत नसावा. तो समज आता धोक्याचा आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध-कायद्याच्या कक्षेत आली आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती विकणाऱ्यास राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडून ‘एमडी-४२’ नमुन्यातील नोंदणी-प्रमाणपत्र घ्यावे लागते. माल घेताना उत्पादक किंवा आयातदार यांचा परवाना क्रमांक वेष्टनावर आहे काय ते पाहावे. तो नसलेली पेटी निम्म्या किमतीत मिळाली तरी ठेवू नये.

स्पंद दोन्ही दिशांनी समतोल आहेत असे माहितीपत्रकात लिहिलेले असावे. एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाने एका पट्टीखाली आम्ल तर दुसरीखाली क्षार साचतो आणि तो त्वचा जाळतो; असे चट्टे ‘ॲलर्जी’ समजून त्यांवर मलम लावलेले आम्ही पाहिले आहेत. पट्ट्या सुट्या मिळत राहतील याची खात्री करावी, कारण त्यांचा चिकटपणा काही वेळांच्या वापरानंतर जातो आणि ग्राहक नवीन घेण्याऐवजी जुन्याच पट्टीवर चिकटपट्टी मारतो. एका व्यक्तीच्या पट्ट्या दुसऱ्यास देऊ नयेत.

फळीवर, भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर जाहिरात करताना १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा विसरू नये. संधिवात, पक्षाघात, मधुमेह ही नावे त्याच्या परिशिष्टात आहेत. ‘पक्षाघातावर रामबाण’ अशी पाटी विक्रेत्यास न्यायालयात उभी करू शकते. ‘तात्पुरते वेदनाशमन’ एवढेच लिहावे.

आणि विक्रीपूर्वी ग्राहकास चार प्रश्न अवश्य विचारावेत. छातीत यंत्र बसविले आहे का? गर्भ आहे का? मधुमेह आहे का, आणि असल्यास तळपायांना स्पर्श नीट कळतो का? दुखणे कशाचे आहे हे कोणा वैद्याने पाहिले आहे का? आमच्या ओळखीचे एक भांडारचालक हे प्रश्न छापलेली चिठ्ठी पेटीच्या झाकणाला रबराने बांधून ठेवतात, आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘कळत नाही’ असे उत्तर आले की पेटी पुन्हा फळीवर ठेवून गिऱ्हाइकाला आमच्याकडे पाठवितात. त्या एका विक्रीचे पैसे त्यांना मिळत नाहीत.